पितळेचा तुकडा

ॲक्सिलरेटरची मूठ अर्ध्यावर अडली. मिस्त्रींनी ती पिरगाळली, एक शिवी हासडली, पुन्हा पिरगाळली. मोटरसायकल तिशीच्या पुढे जायला तयार नाही.

आत्ताच फोन आला होता. एका पोराचा आवाज. "काका, घाबरू नका. चिमणी पडलीय, टेकडीच्या रस्त्यावर." घाबरू नका म्हटल्यावर माणूस जेवढा घाबरतो, तेवढा साप बघूनही घाबरत नाही. हा तोच पोरगा, ज्याच्या तंगड्या तोडायचं मिस्त्रींनी मागेच जाहीर केलं होतं. आज त्यालाच ते म्हणाले, "बाळा, शुद्धीत आहे ना रे माझी पोरगी?" उत्तर यायच्या आत फोन कटला.

मागे बसलेल्या बायकोने पाठीत बुक्की घातली. "अहो, जोरात घ्या की."

"घेतोय."

"ह्याला घेणं म्हणतात? उतरून पळू का मी?"

उतारावर एक पोस्टमन सायकलवरून त्यांच्या पुढे गेला. वर मागे वळून बघूनही गेला.

गावभरच्या गाड्या सुतासारख्या सरळ करणारा माणूस, आणि स्वतःच्या गाडीपुढे हात टेकलेले. पण मिस्त्रींना घाम फुटला तो वेगळ्याच कारणाने. हे अडणं त्यांच्या ओळखीचं होतं.

चिमणी ह्या पोराबरोबर टेकडीवर शर्यती लावते, हे कळलं तेव्हा आरडाओरडा झाला. चावी लपवून झाली. बायकोचं रडून झालं. कशाचा काही उपयोग नाही. मग मिस्त्रींनी आपली कला वापरली. पोरगी अंघोळीला गेली तशी तिच्या स्कूटरच्या मुठीत कानशीने घासलेला पितळेचा तुकडा बसवला. मूठ अर्ध्यावर अडणार, गाडी तिशीत राहणार. पोरगी चकार शब्द बोलली नाही. मिस्त्री कितीतरी दिवस मिशीतल्या मिशीत हसत होते. ते स्वतः घर ते गॅरेज एवढेच फिरायचे, तेही भर बाजारातून. तिथे तिशी गाठायची कोणाची बिशाद?

चिमणी टेकडीच्या रस्त्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसली होती. गुडघा सोललेला, मनगट सुजलेलं, तोंड शाबूत. पोरगा तिची वाकडी स्कूटर धरून उभा होता, मिस्त्रींच्या हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर. बायको धावत जाऊन लेकीला बिलगली.

मिस्त्रींना ओरडायचं होतं. पण म्हणाले एवढंच, "माझ्या गाडीला हात लावलास?"

तिने हात पुढे केला. मिस्त्रींनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून दिला. तिने डाव्या हाताने त्यांच्या गाडीची मूठ उघडली आणि तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. तोच. त्यांच्याच कानशीचा.

"बाबा, तुम्ही बसवलात त्याच दिवशी माझ्या गाडीतून काढला आणि तुमच्या गाडीत टाकला," ती म्हणाली. "मी कधीतरी पडणार, हे मला माहीत होतं. आणि मग तुम्ही कसे सुसाट सुटाल, तेही."