निळी फीत

वणव्याच्या मोसमात मोंटानाच्या डोंगरातल्या टेहळणी मनोऱ्यावर मार्लिसची नेमणूक असायची. धूर दिसला की लगेच खबर द्यायची, एवढंच काम. फावल्या वेळात ती धुरकट, तांबड्या संध्याकाळचे फोटो काढायची. "आमचा इथे खोकून जीव चाललाय, आणि तुला रंग सुचतात, बये!" मी फोनवर म्हणायचे.

त्या दिवशी सूर्य बुडाल्यावर तिचा फोन आला. "लोर्ना, तुझ्या तबेल्यामागे धूर! आत्ता दिसला मला. पळ!"

मी निसटले, तिन्ही घोडे आतच राहिले. तरी माझा जीव वाचवला म्हणून रानबेरींचा मुरांबा घेऊन मी मनोऱ्याच्या सगळ्या पायऱ्या चढले. गळ्यात पडून ती माझ्याहून जास्त रडली.

जत्रेत तिच्या फोटोला निळी फीत मिळाली, म्हणजे पहिला नंबर. मीच सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या आणि फोटो बघायला पुढे गेले. लालभडक आभाळाखाली माझा तबेला धडधाकट उभा होता, आणि त्याच्यामागून धुराची एक बारीक रेघ सरळ वर चालली होती.



सूर्य अजून कासराभर वर होता.