उंबरठा

शाळेच्या फाटकाचा नवा उंबरठा आत येणाऱ्या प्रत्येकाचं वजन करायचा, मग ते मूल असो की मास्तर. वजन कमी भरलं की बाहेर उभी असलेली गाडी त्याला सहा महिने पोषणगृहात घेऊन जायची.

आठ वर्षांची जुई उंबरठ्यावर चढली आणि हिरवा दिवा लागला. पण शाळेच्या नर्स भोईरबाईंनी तिच्या फ्रॉकचा घेर हातात घेतला. दुमडीत शिशाचे तुकडे शिवलेले होते.

जुईच्या आईचा चेहरा उतरला. "सिस्टर, चार पोळ्या खाते हो ती, आजारी म्हणून पडत नाही. तिचे बाबाही असेच काटकुळे. खाल्लेलं अंगाला लागतच नाही."

"ठाऊक आहे. रक्त मीच तपासलंय, उत्तम आहे. पण या उंबरठ्याला रक्त दिसत नाही, नुसते किलो दिसतात."

"मग आता नेणार तिला?"

भोईरबाईंनी गाडीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "टाके सैल आहेत तुमचे. धावताना उसवतील. दुहेरी दोरा घाला."

आणि त्यांनी आपल्या साडीचा फॉल हळूच आईच्या हातात दिला. तो चांगलाच जड होता.