तिसरी खुर्ची

"खोटं बोलता येतं ना तुम्हाला?" शिवणवाल्या बाईंनी विचारलं.

चावीवाल्या काकांनी हातातली कानस खाली ठेवली. "जोडधंदाच आहे माझा. काय बोलायचंय?"

"कॅन्सर झालाय म्हणून सांगायचं."

काकांनी स्टूल पुढे सरकवलं. मग म्हणाले, "बसा आधी. उभ्याउभ्या असलं काही सांगू नये माणसाने."

बाईंचं शिवणाचं दुकान आणि काकांची टपरी समोरासमोर. बारा वर्षांचा शेजार, पण बोलणं कामापुरतं. बाई बसल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. दीड वर्षापूर्वी त्यांच्या जठराच्या भिंतीत गाठ निघाली होती. लाखात एखाद्याला गाठणारा कॅन्सर. गाठ काढली आणि रोजची गोळी मागे लागली. तेही सोसलं असतं, पण विचारायचं कुणाला? घरचे म्हणायचे, होईल सगळं नीट. अहो, पण पायात गोळे येतात ते औषधाने की मशीन चालवून, हे त्यांना काय कप्पाळ ठाऊक? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

म्हणून बाईंनी पदर खोचला. हॉस्पिटलात या आजाराच्या पेशंटचा गट काढायचाच. समाजसेवा विभागातल्या मॅडमनी नियम दाखवला. तीन पेशंट असतील तर शनिवारी खोली मिळेल. आठ महिने शोधून सापडला एकच माणूस, गणिताचे निवृत्त मास्तर.

"आणि ते मास्तर महिनाअखेर गोळी सोडणार म्हणतात," बाई म्हणाल्या. "दोन बिंदूंनी नुसती रेघ ठरते बाई, वर्तुळ ठरत नाही, असं ऐकवलं मला. म्हणे, या गोळीवर पाच वर्षं काढलेला एक तरी माणूस दाखवा, मग बघू. आता कुठून आणू? निदान खोली मिळाली, गट झाला, तर धरून ठेवीन त्यांना."

"आणि मीच का?"

खरं कारण तोंडावर कसं सांगणार? काकांचे डोळे रोज सकाळी सुजलेले असायचे. पितात, असं सगळी गल्ली म्हणायची. काका हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. रोज पिऊन रोज वेळेवर टपरी उघडणाऱ्या माणसाला थापा मारणं जड जाणार नाही, असा बाईंचा हिशोब होता.

"तुमचा चेहरा विश्वासू आहे," त्या म्हणाल्या.

"हे खोटं चांगलं जमलं तुम्हाला," काका म्हणाले. "कधी यायचं?"

बाईंनी तिथेच गटाच्या नोंदणीचा फॉर्म भरायला घेतला. हॉस्पिटलच्या फाईल नंबरच्या रकान्याशी पेन अडलं. काकांनी कानस उचलत आठ आकडे धडाधड सांगितले. लबाड! बाईंना हसूच आलं. त्यांनी गोळीच्या माहितीचं पत्रक पाठ करायला पुढे केलं. काकांनी ते उलटसुलट केलं आणि परत दिलं.

"पाठ करा म्हटलं ना?"

"झालं पाठ."

मॅडमनी फॉर्म ठेवून घेतले आणि दोन दिवसांनी खोलीची किल्ली दिली. पहिल्या शनिवारी तीन खुर्च्या मांडल्या गेल्या. मास्तर मिटलेल्या छत्रीसारखे ताठ बसले होते.

"तुम्हाला किती झालं?" त्यांनी काकांना विचारलं.

"सहा वर्षं."

बाईंनी एक वर्ष म्हणून पढवलं होतं. त्यांनी काकांचा पाय दाबला. काकांनी पाय बाजूला घेतला.

"सहा? याच गोळीवर?" मास्तर पुढे वाकले.

"याच. रिकाम्या पोटी घेत असाल तर मळमळणारच. अर्धं जेवण झालं की घ्या, वर पेलाभर पाणी. सकाळी डोळे सुजतात ना? उशी उंच घ्या. दुपारपर्यंत उतरतात."

मास्तरांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि सगळं लिहून घेतलं. मग चष्मा काढून डोळे पुसले.

परतताना बाई तापल्या. "सहा कशाला सांगितलंत?"

"मास्तरांनी पाच मागितली होती ना? एक वर घातलं."

चार शनिवार झाले. महिनाअखेर उलटली. मास्तरांनी गोळी सोडली तर नाहीच, उलट पाचवीतल्या नातीला दहावीपर्यंत गणित आपणच शिकवणार, असं जाहीर केलं. "काकांना सहा मिळाली, मला का मिळू नयेत?" ते म्हणाले, आणि बाई खुर्च्या आवरायला उठल्या. एका माणसाचं जगणं आपण थापेच्या खुंटीला टांगून ठेवलं! उद्या कळलं तर मास्तर गोळ्याच काय, आपल्यालाही खिडकीबाहेर फेकतील, आणि फेकावंच. बाईंना स्वतःची लाज वाटली. अन्न गोड लागेना.

सोमवारी त्या तडक मॅडमसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी फसवलंय तुम्हाला. ते काका पेशंट नाहीत. आमच्या गल्लीत चाव्या करतात. नंबरही त्यांनी मनाने ठोकून दिला. मास्तरांना मी स्वतः सांगेन, काय बोलतील ते ऐकून घेईन. पण खोली काढून घेऊ नका. सहा वर्षं काढलेला खरा माणूस मी शोधून आणीन, गावोगाव हिंडावं लागलं तरी आणीन."

मॅडमनी शांतपणे कपाट उघडलं आणि बाईंच्या अक्षरातला काकांचा फॉर्म टेबलावर ठेवला.

"नंबर पडताळल्याशिवाय मी किल्ली देत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "काकांची फाईल सहा वर्षांपूर्वीची आहे."