त्याच फरशीवर

म्हातारे सरदार ओडो माझ्यासमोर गुडघे टेकून होते. रिवाजाप्रमाणे त्यांचे जोडलेले हात मी माझ्या हातांत धरले होते. "आजपासून मी तुमचा माणूस," ही शपथ त्यांनी केव्हाच घेतली होती. आता फक्त मी त्यांना उठवायचं होतं.

उठवलं नाही. नवा राजा किती कडक आहे, हे दरबाराला दिसायला नको? मी रुबाबात छताकडे बघत राहिलो. खाली ओडोंचे गुडघे थरथरत होते.

तेवढ्यात कारभारी माझ्या कानाशी लागला. "महाराज, राणीसाहेबांना माहेरून आंदण मिळालेली पाणचक्की ओडोंच्या जहागिरीत आहे. तेवढ्यापुरते ते आपले धनी. दुपारी हीच शपथ आपल्याला त्यांच्यापुढे घ्यायचीय."

मी ओडोंना इतक्या झटकन उठवलं, की ते माझ्याच अंगावर पडले. तब्येतीचीही चौकशी केली.

दुपारी मुकुट आणि तलवार काढून मी त्याच फरशीवर गुडघे टेकले. शपथ एका दमात संपवली. ओडोंनी माझे हात घट्ट धरले आणि एक उशी मागवली.

"गुडघ्यांखाली घ्या, महाराज," ते मायेने म्हणाले. "वेळ लागेल."

आणि ते छताकडे बघू लागले.