दुभाष्या

"आमच्या बायांची झाडीबोली तुम्हाला समजायची नाही मॅडम, मी सांगतो ना!" म्हणत यादोराव मुनीम खुर्ची ओढून बसले. साल ब्याऐंशी. कामाच्या जागी संवाद कसा चालतो, याचा अभ्यास करायला मॅडम नागपूरहून भंडाऱ्याच्या या बिडी कारखान्यात आल्या होत्या. मुनीमजींच्या राज्यात संवादाला तोटा नव्हता. ते बोलत, बाया ऐकत.

"मुनीमजी तुमचं म्हणणं ऐकून घेतात का?" मॅडमनी शुद्ध पुस्तकी मराठीत विचारलं.

समोर बिड्या वळत बसलेली शकुनबाई केव्हाची भरून बसली होती. "कायचं आयकते? चांगल्या बिड्या खराब, छाट म्हणून काहाडते, अन् मांगून त्याच इकते. बोललं का दुसऱ्या दिवशी तेंदूपत्ताच देत नाही!"

"म्हणते, मुनीमजी आम्हाला बापासारखे," यादोरावांनी लाजत भाषांतर केलं. "लिहून घ्या मॅडम."

मॅडमनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. यादोरावांनी समाधानानं चहा मागवला.

मग मॅडम शकुनबाईजवळ जमिनीवर बसल्या.



"मावशी, मी इथल्याच आसगावची आहो. माही मायबी बिड्याच बनवते. अखीन सांग, मी आयकून राहिली."