पितळी बिल्ला

मेलबर्नच्या मोज्यांच्या कारखान्यात आम्हा चाळीस ग्रीक बायकांना संडासला जायला पितळी बिल्ला एकच होता. मालकाकडे मागायचा, देताना तो घड्याळ बघायचा. नोकरी सोडली त्या दिवशी मी बिल्ला एप्रनच्या खिशात घालून पळवला. बोटीतून मांडीवर घेऊन आणलेली माझी लेक कलियोपी पुढं सॉलिसिटर झाली, आणि काल आमदार म्हणून विधानसभेत पहिल्यांदा बोलायला उभी राहिली. पहिल्या भाषणात कुणी मध्ये बोलत नाही, अशी तिथली रीत. "तुम्हीही आभार माना आणि गुमान बसा," पक्षाच्या पुढाऱ्यानं तिला बजावलं होतं. तिनं थेट आमच्या कारखान्याचाच विषय काढला. समोरच्या बाकावरचा आमचा जुना मालक, आता तोही आमदार, तणतणत दाराकडे निघाला. कलियोपीनं मी दिलेला तो बिल्ला वर धरला. "साहेब, बाहेर जायचंय? आधी हा मागा." तो थांबला. वर गॅलरीत मी घड्याळ बघितलं.