काळूबाबांचा हातोडा

काळूबाबा वारले, त्यांच्या दिवसाला भर दुपारी सारा पाडा अंगणात जमला होता. बाबांनी मुलुंडच्या रुळांवर जन्म काढला. रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत ते रोज लाइनीनं चालायचे. घट्ट चावी ठणकन वाजायची. ढिली बद्द वाजली, की ती घट्ट बसेपर्यंत बाबा घाव घालायचे.

“मंजुळे, तुझा सासरा घरातसुद्धा दिसेल ते ठोकून बघायचा गं,” शेजारची सगुणा म्हणाली. सगळे हसले.

तेवढ्यात लाइनीकडून आवाज आला. ठण्.

मंजुळानं खुंटीकडे पाहिलं. बाबांचा हातोडा तिथंच लटकत होता.

ठण्. या खेपेला अंगणातली मेढ वाजली. लाकडाचा खांब, पण आवाज लोखंडाचा.

हसू विरलं. ठण्. सगुणानं दचकून आपला खांदा धरला. ठण्. मंजुळाच्या पाठीला काहीतरी गार लागलं आणि हाडांतून नाद घुमला.

तिच्या पलीकडे तिचा नवरा राघो बसला होता.

बद्द.

“बाबा, राहू द्या हो! तुमचाच पोरगा आहे!” राघोला कवटाळून मंजुळा ओरडली.

दुसरा घाव जास्त जोरात बसला.